पिंजरा की भाता?

गेल्या पावसाळ्यात ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि उजव्या कुशीतल्या एका बरगडीला तडा गेला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "दर तासाला दहा दीर्घ श्वास घ्यायचे. दुखलं तरी घ्यायचे." प्लास्टर नाही, पट्टाही नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न : हात मोडला तर महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवतात, मग बरगडी मोडल्यावर छाती अशी मोकळी कशी सोडली?

प्रश्न मलाही पडला होता. त्याचे मूळ 'छातीचा पिंजरा' या शब्दातच आहे, हे पुढे वाचताना लक्षात आले. पिंजरा म्हटला की पक्के गज आले, आणि गज वाकला की तो आवळून सरळ करायचा, हे ओघानेच आले. छातीची रचना मात्र वेगळी आहे.

या रचनेत एकूण ३७ हाडे आहेत. मागे पाठीच्या कण्याचे १२ मणके, पुढे मधोमध एक उरोस्थी आणि दोहोंच्या मध्ये बरगड्यांच्या १२ जोड्या. वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला मिळतात. आठवी, नववी आणि दहावी यांची कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकते. शेवटच्या दोन जोड्या पुढच्या बाजूला कशालाच जोडलेल्या नाहीत. त्यांना 'तरंगत्या बरगड्या' म्हणतात. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असल्याने बोटांनी सहज लागत नाही. म्हणून डॉक्टर मोजणी दुसरीपासून सुरू करतात. गळ्याखालच्या खळगीपासून बोट खाली सरकवत नेले, की चार-पाच सेंटिमीटरांवर उरोस्थीवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. वाचकांनी हे स्वतःच्या छातीवर करून पाहावे.

आज इतकी सोपी वाटणारी ही मोजणी पूर्वी वादाची होती. युरोपात आदमच्या बरगडीच्या कथेमुळे पुरुषाला स्त्रीपेक्षा एक बरगडी कमी असते, अशी समजूत रुजली होती. १५४३ मध्ये आंद्रेआस व्हेसॅलियसने आपल्या ग्रंथात दोघांच्याही बरगड्या सारख्याच असल्याचे लिहिले. गेलेनच्या परंपरेत उरोस्थीचे सात भाग मानत. माणसाच्या उरोस्थीत तीनच भाग आहेत, हेही त्याने दाखवले. गेलेनने माणसाऐवजी माकडासारख्या प्राण्यांची शवविच्छेदने केली होती, हे या चुकीमागचे कारण.

आपल्याकडचा आकडा अधिक कोड्यात टाकणारा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात माणसाची हाडे ३६० सांगितली आहेत. त्यांत दात आणि नखेही धरली आहेत. सुश्रुत म्हणतो, वेदवादी ३६० म्हणत असले तरी शल्यतंत्रात ती ३०० आहेत. एकूण संख्येवर मतभेद असले, तरी कुशींतल्या हाडांबाबत दोघांचा हिशेब एकच येतो : एका बाजूला ३६, दोन्ही मिळून ७२. आपण मोजतो २४.

सुश्रुत प्रेत न पाहता लिहिणारा नव्हता. त्याने सांगितलेली पद्धत प्रसिद्ध आहे. प्रेत गवताने किंवा सालींनी गुंडाळून, पंजरात ठेवून वाहत्या पाण्यात बांधायचे. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उघडा करायचा. ज्याने बरगड्या अशा डोळ्यांसमोर उघड्या होताना पाहिल्या, तो २४ च्या जागी ७२ कशा मोजेल?

उत्तर चरकाच्या मजकुरात आहे. तिथे ७२ ची फोड दिली आहे : २४ बरगड्या, २४ स्थालके आणि २४ अर्बुदे. स्थालक म्हणजे बरगडी टेकण्याची खोलगट जागा आणि अर्बुद म्हणजे तिथे बसणारा उंचवटा. रुडॉल्फ हॉर्नले यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात प्राचीन भारतीय अस्थिगणनेचा उलगडा करताना याच फोडीचा आधार घेतला. म्हणजे प्रत्येक बरगडी तीनदा मोजली गेली आहे : एकदा हाड म्हणून आणि दोनदा तिच्या सांध्यासाठी. काटेकोरपणे पाहिले तर इथेही चूक आहे, कारण अकराव्या आणि बाराव्या बरगडीला असा सांध्याचा उंचवटा नसतो. नियम सरसकट बाराही जोड्यांना लावला गेला. तरीही ज्यांनी हा सांधा स्वतंत्र नोंदवण्याइतका महत्त्वाचा मानला, त्यांची नजर योग्य जागी पडली होती. छातीची सारी हालचाल तिथूनच सुरू होते.

बरगडी मागे कण्याला सहसा दोन ठिकाणी टेकते : तिचे डोके मण्यांच्या मुख्य भागाला आणि तिचा उंचवटा मणक्याच्या आडव्या फांदीला. या दोन टेकूंमधून जाणारी रेषा म्हणजे बरगडीची बिजागरी. वरच्या बरगड्या या बिजागरीवर फिरल्या की त्यांची पुढची टोके उरोस्थीसकट वर आणि पुढे उचलली जातात, हापशाचा दांडा उचलावा तशी. खालच्या बरगड्यांचा मधला बाक बाजूला आणि वर उचलला जातो, बादलीची आडवी पडलेली कडी उचलावी तसा. शरीरशास्त्राच्या पुस्तकांतही याच दोन उपमा आहेत. याच वेळी श्वासपटल खाली सरकते, छातीची पोकळी सर्व बाजूंनी वाढते आणि हवा आत येते. मिनिटाला सुमारे १४ श्वास धरले, तर दिवसाला हे २० हजार वेळा घडते.

संरक्षण हेही या हाडांचे काम आहेच. हृदय आणि फुप्फुसे तर आत आहेतच, शिवाय यकृत आणि प्लीहा हे पोटातले अवयवही खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. पण हे संरक्षण लवचीक आहे आणि ती लवचीकता जीव वाचवते. हृदय अचानक बंद पडलेल्या प्रौढ माणसाच्या उरोस्थीचा खालचा अर्धा भाग मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचा असतो. छाती तेवढी दबते म्हणून तर आतले रक्त पुढे ढकलले जाते. त्यात एखादी बरगडी मोडूही शकते. त्या भीतीने हात आखडणाऱ्याने लक्षात ठेवावे, की मोडलेली बरगडी सांधते; थांबलेल्या हृदयाला मात्र तेवढा अवधी नसतो.

आता प्लास्टरचा प्रश्न. पूर्वी मोडक्या बरगडीवर छाती चिकटपट्ट्यांनी आवळत असत. दुखणे कमी होई, पण श्वास उथळ होई, खोकून कफ बाहेर पडत नसे आणि न्यूमोनियाचा धोका वाढे. वयस्कर माणसांत तो बरगडीच्या तड्यापेक्षा घातक ठरतो. म्हणून आता वेदना आटोक्यात ठेवतात आणि श्वास चालू ठेवायला सांगतात. हलणे हेच ज्या हाडाचे काम, ते हलतच सांधते.

आपल्या भाषेला हे ठाऊक असावे. ऊर भरून येतो, ऊर धपापतो, धावून आलेल्याच्या छातीचा भाता होतो. 'पिंजरा' हा शब्द सांगाडा पाहणाऱ्याचा आहे, 'भाता' हा जित्या माणसाकडे पाहणाऱ्याचा. माझी बरगडी सहा आठवड्यांनी दुखायची थांबली. तोवर मी दर तासाला दहा श्वास मोजत होतो, आणि प्रत्येक श्वासागणिक कुशीतली ती बिजागरी मला नेमकी कळत होती.