अपंगत्वावर पोहण्याची मात्रा

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून सांगली जिल्ह्यात जन्मलेले जवान मुरलीकांत पेटकर यांचे कमरेखालील शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध सुटले, उपचार म्हणून पोहणे सुरू झाले. पाणी शरीराचा बराचसा भार पेलते, त्यामुळे जमिनीवर अशक्य ठरणारी हालचाल तेथे साधते. पाण्याच्या विरोधाने दंड व खांदे बळकट होतात. आपल्या हातून अजून काही घडते, ही जाणीव मनालाही उभारी देते. ती औषधाच्या बाटलीत मिळत नाही. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. खेड्यात मात्र असा रुग्ण इस्पितळातून परतला की बहुधा खाटेवरच राहतो. वैद्यकीय सल्ल्याने व्यायाम सुरू होण्यास जितका विलंब, तितके सांधे आखडतात, स्नायू झिजतात आणि पाठीला शय्याव्रण होतात.