फेरात सर्वांना जागा

दिवाळी जवळ आली की छत्तीसगडात गावोगावी स्त्रियांचे मेळे निघतात. टोपलीत भात भरून त्यावर मातीचा पोपट बसवावयाचा, ती टोपली अंगणात मधोमध ठेवावयाची आणि तिच्याभोवती फेर धरून, किंचित वाकून, टाळ्या वाजवीत गावयाचे व नाचावयाचे, असे हे ‘सुवा’ नृत्य. सुवा म्हणजे पोपट. त्याचा ताल धरला जातो तो हातांच्या टाळीवर. रायपूर आणि नव्या रायपूरच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ते पाहताना आपल्या भोंडल्याची आठवण झाल्यावाचून राहत नसेल.

अशा एखाद्या अंगणाच्या कडेला, ओट्यावर, एक कर्णबधिर मुलगी बसली आहे अशी कल्पना करा. तिच्या बहिणी, मैत्रिणी फेरात आहेत. ती मात्र नुसती पाहत आहे. “तिला ऐकूच येत नाही, ती काय नाचणार?” असे घरातील माणसे म्हणतात. त्यात दुष्टावा नसतो, असते ती माया आणि काळजी. परंतु परिणाम एकच होतो, मुलगी ओट्यावरच राहते.

वस्तुत: ताल केवळ कानांनीच कळतो ही समजूत अपुरी आहे. ध्वनी म्हणजे मुळात कंप. मांदरावर पडलेली थाप हवेतून कानापर्यंत जाते, तशीच ती जमिनीतून किंवा लाकडी फळीतून पायांच्या तळव्यांपर्यंतही पोहोचते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॉ. डीन शिबाटा यांनी २००१ साली असे दाखवून दिले की, मेंदूचा जो भाग एरवी ध्वनी ग्रहण करतो, तोच भाग बहिऱ्या व्यक्तींमध्ये हाताला जाणवणाऱ्या कंपांना प्रतिसाद देतो. लहानपणीच श्रवणशक्ती गमावलेल्या स्कॉटलंडच्या विख्यात तालवादिका एव्हलिन ग्लेनी अनवाणी पायांनी वादन करतात, त्याचे कारणही हेच होय.

या दृष्टीने पाहिले तर छत्तीसगडची लोकनृत्ये मोठी उदार आहेत. सुवा नृत्यात टाळी ऐकू येते, तशी ती दिसतेही. करमा नृत्यात नाचणारे एकमेकांच्या हातांत हात गुंफतात किंवा कमरेला विळखा घालतात. शेजाऱ्याचे पाऊल पडले की त्याचा हिसका आपल्या खांद्याला कळतो. सतनामी समाजाच्या पंथी नृत्यात मांदर आणि झांजेची लय चढत जाते आणि तिच्याबरोबर शरीरांची गतीही डोळ्यांदेखत वाढत जाते. फेरातील प्रत्येकाला इतर सर्वजण दिसतात. एकाचे चुकले तर दुसऱ्याकडे पाहून ते सावरता येते.

रंगमंचावर हे कसे साधते, त्याचे उत्तम उदाहरण चीनमध्ये आहे. तेथील अपंग कलावंतांच्या पथकाने ‘सहस्रहस्त बोधिसत्त्व’ हे समूहनृत्य जगभर गाजविले. त्यातील नर्तकांना ऐकू येत नाही. रंगमंचाच्या चार कोपऱ्यांत चार शिक्षक उभे राहून हातांच्या खुणांनी ताल देतात आणि त्या आधारावर सर्वांचे हात एकदमच उलगडतात. लंडनमध्ये १९९१ साली सेलेस्ट डँडेकर व ॲडम बेंजामिन यांनी ‘कँडोको’ ही नृत्यसंस्था स्थापिली. सेलेस्ट स्वत: नृत्य करीत असता पडून जायबंदी झालेल्या. त्यांच्या संस्थेत अपंग व धडधाकट नर्तक बरोबरीने नाचतात आणि चाकांच्या खुर्चीची गिरकी हीही नृत्यातील एक गती ठरते.

इतक्या दूर तरी कशाला जावे? रायपूरहून पश्चिमेस नागपूर आणि नागपूरच्या दक्षिणेस वरोरा. तेथे बाबा आमटे व साधनाताईंनी वसविलेल्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने २००२ साली ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. दृष्टी नसलेले गायक गातात आणि ज्यांना ते गाणे ऐकू येत नाही, असे कलावंत त्यावर नाचतात. कुष्ठमुक्त आणि अपंग सहकारीही त्यांच्यासमवेत असतात. एकाजवळ जे नाही ते दुसऱ्याजवळ आहे, आणि कार्यक्रम सर्वांचा मिळून होतो.

सुधा चंद्रन यांचे नाव आपण आदराने घेतो. १९८१ सालच्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. तरीही ‘जयपूर पाय’ बसवून १९८४ साली त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. हे धैर्य असामान्य खरे. परंतु नाचण्यासाठी प्रत्येक मुलाने असामान्य असावे, अशी अट आपण का घालावी? अंगणातील इतर मुली काही थोर नर्तिका नसतात. त्यांना आनंद होतो म्हणून त्या नाचतात. तेवढाच साधा अधिकार ओट्यावरील मुलीलाही असावयास हवा. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्ती होत्या; त्यांपैकी सुमारे ५० लक्ष व्यक्तींना श्रवणदोष होता. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने त्यांचा सांस्कृतिक जीवनातील व मनोरंजनातील सहभाग हा हक्क मानला आहे. पण अंगणातल्या फेरात जागा करून देणे हे घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचेच काम होय.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. ढोलक शक्य तो लाकडी पाटावर किंवा तक्तपोसावर ठेवावा, म्हणजे त्याचा कंप पसरतो. फुगवलेला फुगा दोन्ही हातांत धरला तरी तो जाणवतो. उजेड पुरेसा असावा. ताल देणाराने सर्वांना दिसेल अशा जागी उभे राहावे आणि तोंडाने मोजताना बोटांनीही मोजावे. चाकांच्या खुर्चीसाठी जमीन सपाट असावी आणि फेराची लय त्या खुर्चीला जमेल अशी धरावी. दृष्टी नसलेल्या मुलाला प्रत्येक हालचाल शब्दांत सांगावी आणि त्याची अनुमती घेऊन हात धरून दाखवावी. मुख्य म्हणजे, दिव्यांग मुलांना वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र ‘कार्यक्रम’ ठेवण्याची घाई करू नये. त्यांच्यासाठी दयेने वाजविलेल्या टाळ्यांपेक्षा त्यांच्याबरोबर तालात वाजविलेली टाळी अधिक मोलाची असते.

येत्या दिवाळीत सुव्याची टोपली अंगणात येईल, किंवा तत्पूर्वी हस्त नक्षत्रात भोंडल्याचा पाट मांडला जाईल, तेव्हा ओट्याकडे एकदा जरूर पाहावे. तेथे कोणी बसले असेल, तर हात पुढे करावा. फेर थोडा रुंद करावा लागेल, इतकेच.