पहिला सराव पाठ आणि मुलांचं चुकीचं उत्तर

बी.एड.चे छात्राध्यापक शाळेत पाठ घेण्याआधी कॉलेजात सूक्ष्म अध्यापन करतात. आपल्याकडे रूढ असलेल्या पद्धतीत त्याचं एक चक्र 36 मिनिटांचं असतं : 6 मिनिटे पाठ, 6 मिनिटे प्रत्याभरण, 12 मिनिटे पुनर्नियोजन, मग 6 मिनिटे पुन्हा पाठ आणि 6 मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. पण इथे विद्यार्थी म्हणून समोर बसतात ते वर्गमित्रच. ते उत्तर बरोबरच देतात!

खरा वर्ग तसा नसतो. "एक छेद दोन मोठा की एक छेद तीन?" असं विचारलं की बरीच मुलं ओरडतात, "एक छेद तीन!" कारण 2 पेक्षा 3 मोठा. हे उत्तर पाठ टाचणात नसतं. तास संपत आलेला, मागे निरीक्षक बसलेले. मग छात्राध्यापक एखाद्या हुशार मुलाला उठवतो, बरोबर उत्तर काढून घेतो आणि पुढे सरकतो. पाठ वेळेत संपतो, गैरसमज मात्र तसाच राहतो.

अशा वेळी आधी एवढंच विचारावं, "तुला असं का वाटलं?" मग फळ्यावर सारख्या आकाराच्या दोन भाकऱ्या काढाव्यात. एक दोघांत वाटायची, दुसरी तिघांत. कुणाच्या वाट्याला मोठा तुकडा आला, हे मुलंच सांगतात.

म्हणून शिक्षकांनो, निरीक्षण करताना पाठ पूर्ण झाला का, एवढंच बघू नका. चुकीच्या उत्तराचं काय केलं तेही नोंदवा. आणि पालकांनो, घरी मूल चुकलं तर दुरुस्त करण्याआधी हाच प्रश्न विचारून बघा.