'रंगानं पोट भरते का?' घर सजवण्यावरून होणाऱ्या वादाचं मूळ नेमकं कुठे आहे?

सूरजागड म्हटलं की बहुतेकांना लोहखनिजाची खाण, ट्रकच्या रांगा आणि लाल धूळ आठवते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्याचा हा भाग बातम्यांत येतो तो याच कारणांसाठी. पण इथे आणखी एक बदल होतोय आणि तो लोकांच्या घरात होतोय. कुडाच्या, मातीच्या घरांशेजारी विटा-सिमेंटची घरकुलं उभी राहत आहेत.

असं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. छत पडलंय, प्लास्टर झालंय, हातात थोडे पैसे उरलेत. सुनेला समोरची भिंत पांढरी हवी आहे आणि दाराभोवती वेलबुट्टी. नवरा म्हणतो, "रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात. पंधरा दिवसांत भिंत लाल होईल." सासरे म्हणतात, "आधी न्हाणी बांधा." आणि सासू विचारते, "रंगानं पोट भरते का?"

हा वाद फक्त गडचिरोलीचा नाही. पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तो पडद्यांवरून होतो, कुंड्यांवरून होतो, भिंतीवरच्या एका फ्रेमवरून होतो. प्रश्न मात्र सगळीकडे एकच असतो: याचा उपयोग काय?

सूरजागडसारख्या ठिकाणी या वादाची मुळं जास्त स्पष्ट दिसतात, कारण तिथे जुनं घर आणि नवं घर अजून एकमेकांच्या शेजारी उभी आहेत.

घरचे 'नाही' का म्हणतात?

आधी नवऱ्याची आणि सासूची बाजू समजून घेऊ. कारण ती चुकीची नाही.

या भागातली बरीचशी शेती पावसावरच्या धानाची आहे. रोख पैसा हातात येतो तो धान विकल्यावर, नाहीतर मे महिन्याच्या आसपास तेंदूपत्त्याच्या हंगामात. मोहफुलं आणि मजुरी यावर मधले महिने निघतात. खाणीमुळे काही घरांत दरमहा पगार येऊ लागला, पण सगळ्यांच्या नाही. दवाखाना गाठायचा तर गाडीभाडं लागतं. पावसाळ्यात पूल बुडाला की रस्ता बंद. अशा ठिकाणी ज्या बाईने चाळीस वर्षं संसार केलाय, तिच्या हिशोबात शिल्लक पैसा म्हणजे अडीअडचणीचा पैसा. तिचा 'नाही' कंजूषपणातून आलेला नसतो, अनुभवातून आलेला असतो.

त्यात घरकुलाचं गणितही तंग असतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) निकषांनुसार घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. मूळ अनुदान सपाट भागासाठी १.२० लाख आणि डोंगराळ व नक्षलप्रभावित जिल्ह्यांसाठी १.३० लाख रुपये. माडिया गोंड ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात. उरलेल्या दोन म्हणजे कातकरी आणि कोलाम. या गटांसाठी २०२३ मध्ये 'पीएम-जनमन' अभियान सुरू झालं आणि त्यात घरासाठी २ लाख रुपये मिळतात. पैसे हप्त्याहप्त्याने येतात. पाया, भिंती, छत असे टप्पे पार करत घर पूर्ण होतं, तोवर अनेक कुटुंबांनी पदरचे पैसेही घातलेले असतात. रंगाचा नंबर लागतो तो सगळ्यात शेवटी, खिसा रिकामा झाल्यावर.

मग पूर्वी घरं सजायची कशी?

इथेच खरी गोष्ट आहे. जुन्या मातीच्या घरात सजावट आणि देखभाल ही दोन वेगळी कामं नव्हतीच.

कुडाची भिंत म्हणजे बांबूच्या कामट्यांवर मातीचा लेप. पावसाने, उन्हाने तो लेप तडकतो. म्हणून भिंत लिंपावी लागते, जमीन सारवावी लागते. हे केलं नाही तर घर पडतं. हेच काम करताना बाईची बोटं सारवणावर नक्षी उमटवत जायची, भिंतीच्या तळाशी गेरूचा पट्टा ओढला जायचा, वर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात फिरायचा.

त्या पट्ट्यालाही कारण होतं. पावसाचं पाणी अंगणात आपटलं की चिखल उडतो तो भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर. गडद पट्टा असला की डाग दिसत नाहीत आणि दरवर्षी तेवढाच भाग पुन्हा सारवता येतो. म्हणजे डोळ्यांना सुख देणारी गोष्ट कामाचीही होती.

आणि महत्त्वाचं म्हणजे, 'याला किती लागतील?' हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं. माती आजूबाजूची, शेण गोठ्यातलं, मेहनत बाईची. दुकानातून फारसं काही आणायचं नव्हतं, त्यामुळे परवानगीचीही गरज नव्हती.

सजावट 'खर्च' कधी झाली?

सिमेंटची भिंत आली तेव्हा.

सिमेंटला दर महिन्याला लिंपण लागत नाही, ही मोठीच सुटका आहे. पण त्याबरोबर बाईच्या हातातलं एक कामही गेलं, ज्यात तिच्या आवडीला आपोआप जागा होती. आता भिंत सुंदर करायची तर डबा दुकानातून आणावा लागतो. डबा आणायला रोख पैसे लागतात. आणि रोख पैसे ज्याच्या हातात, निर्णय त्याचा.

त्यामुळे वरवर रंगाचा दिसणारा हा वाद बऱ्याचदा रंगाचा नसतो. तो पैशावर कुणाचा हात आहे, याचा असतो.

घरात बाई किती राबते, याचे आकडे आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिला त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. असं काम करणारे पुरुष घालवतात ८८ मिनिटं. जवळपास पाच तास ज्या भिंतींच्या आत काम करायचं, त्या भिंती कशा असाव्यात हे तिने ठरवायचं म्हटलं की मात्र ती 'हौस' ठरते.

घर नावावर असलं म्हणजे झालं का?

आवास योजनेच्या नियमांनुसार, काही अपवाद सोडले तर, घर पती-पत्नी दोघांच्या किंवा फक्त पत्नीच्या नावावर मंजूर होतं. कागदावर हा मोठा हक्क आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं की देशातल्या ८८.७ टक्के विवाहित महिला घरातल्या तीन प्रमुख निर्णयांपैकी किमान एकात सहभागी असतात. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ८४ टक्के होतं. हे तीन निर्णय कोणते? स्वतःच्या आरोग्याचा, घरातल्या मोठ्या खरेदीचा आणि नातेवाइकांकडे जाण्याचा. पण 'सहभागी' यात एकटीने घेतलेला निर्णयही येतो आणि नवऱ्यासोबत मिळून घेतलेलाही. शंभर-दोनशे रुपये केवळ स्वतःला आवडतं म्हणून खर्च करता येतात का, हे या आकड्यातून कळत नाही.

आवडीला निमित्त लागतंच का?

आपल्याकडे सजावटीला सहसा विरोध होत नाही, जर तिला निमित्त असेल तर. दिवाळीची रांगोळी, पोळ्याची रंगरंगोटी, लग्नघराची भिंत. तिथे 'उपयोग काय?' असं कुणी विचारत नाही. प्रश्न येतो तो निमित्त नसताना, नुसतं आवडतं म्हणून केलं तर.

याचं महाराष्ट्रातलं सर्वात परिचित उदाहरण वारली चित्रकला. पालघर जिल्ह्यातल्या वारली घरांत लग्नाचा चौक भिंतीवर काढण्याचा मान सवाशिणींचा होता. चित्र विधीचा भाग होतं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी विधीशिवाय, रोज, आवड म्हणून चित्रं काढायला सुरुवात केली. पुढे ही चित्रं कागदावर आणि कापडावर आली, जगभर पोहोचली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं. निमित्ताशिवाय चित्र काढता येतं, हे त्यांच्यामुळे मान्य झालं. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: पिढ्यान्‌पिढ्या हे काम बायका करत होत्या आणि 'कलाकार' म्हणून पहिलं मोठं नाव झालं ते पुरुषाचं.

सोनाबाईंनी काय केलं?

घरातल्या बंधनातही केवळ आनंदासाठी घर सजवणाऱ्या बाईची एक खरी गोष्ट शेजारच्या छत्तीसगडमध्ये आहे. गडचिरोलीपासून दूर, राज्याच्या उत्तर टोकाला, सरगुजा भागातलं पुहपुटरा हे गाव. तिथल्या सोनाबाई रजवार शेतकरी कुटुंबातल्या. लग्न कमी वयात झालं. घर वस्तीपासून बाजूला होतं आणि नवऱ्याने त्यांना अनेक वर्षं कुणात मिसळू दिलं नाही.

लहान मुलाला खेळणी नव्हती, म्हणून सोनाबाईंनी मातीची खेळणी केली. मग भिंतीवर मातीचे पक्षी, प्राणी, माणसं उमटवली. मग बांबूच्या पट्ट्या गोल वाकवून, त्यावर माती लिंपून जाळ्या केल्या आणि त्या ओसरीच्या खांबांमध्ये बसवल्या. रंगही आसपासच्या गोष्टींतूनच काढले. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी बघायलाही येत नव्हतं.

आता त्या जाळ्यांकडे नवऱ्याच्या नजरेने बघा. त्यातून हवा खेळते, उजेड गाळून येतो, ऊन अडतं. ज्याला सजावट म्हणायचं, ती घर थंडही ठेवत होती.

१९८३ मध्ये भोपाळच्या 'भारत भवन'ची माणसं त्या घरापर्यंत पोहोचली. सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नंतर मध्य प्रदेश सरकारचा तुलसी सन्मान. २००७ मध्ये त्या गेल्या. मुलगा आणि सून दोघांनीही हे काम त्यांच्याकडूनच शिकलं. या घरात सासू सुनेला अडवणारी नव्हती, शिकवणारी होती.

हौस आणि हिशोब जुळतात का?

बऱ्याचदा जुळतात.

मेक्सिकोमधलं एक उदाहरण पाहा. तिथे सरकारने गरिबांच्या घरातली मातीची जमीन बदलून सिमेंटची करून दिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मुलांमधले जंत आणि जुलाब कमी झाले. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: घरातल्या आया जास्त समाधानी होत्या, त्यांच्यातली नैराश्याची लक्षणं कमी झाली होती. घर कसं आहे याचा मनावर परिणाम होतो, ही नुसती भावनिक गोष्ट नाही.

पांढऱ्या चुन्याचंही तसंच. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. अहमदाबादमध्ये वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग देण्याची मोहीम याच कारणासाठी राबवली गेली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात हा मुद्दा नवऱ्याला पटायला हरकत नाही.

राहिला प्रश्न लाल धुळीचा. इथे एक मजेशीर योगायोग आहे. गेरूचा लाल रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, मुख्यतः हेमटाइट या खनिजामुळे. सूरजागडच्या डोंगरात जे लोहखनिज आहे, तेही हेमटाइटच. म्हणजे भिंतीवर बसणारी लाल धूळ आणि भिंत सजवणारा गेरू रंगाने सख्खे नातलग. वर चुना आणि खाली गेरूचा रुंद पट्टा, ही जुन्या घराची पद्धत नव्या घरालाही चालते. रस्त्याकडून उडणारा चिखल आणि खाली साचणारी धूळ त्या पट्ट्यात उठून दिसत नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

पूर्ण घर नको, एक भिंत पुरे. दाराभोवतीची चौकट, चुलीजवळचा कोपरा, तुळशीकट्टा. खर्च लहान असला की वादही लहान राहतो.

चुना स्वस्त पडतो आणि नव्या प्लास्टरवरही चालतो. ऑइल पेंट मात्र ओल्या प्लास्टरवर लावला की पापुद्रे सुटतात आणि 'सांगितलं नव्हतं का?' हे ऐकावं लागतं. चुना कालवताना डोळे आणि हात जपा, तो भाजतो.

पैसे शक्य असतील तर आपल्या बचतीतले वापरा. बचत गटात महिन्याला थोडे थोडे टाकणाऱ्या बाईला डब्यासाठी कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

आणि शेवटचं म्हणजे सासूला विचारा की त्यांच्या काळात भिंत कशी लिंपायचे, पांढरी माती कुठून आणायचे, पट्टा सरळ कसा ओढायचे. आज "रंगानं पोट भरते का?" असं विचारणाऱ्या याच बाईने कधीकाळी दर सणाला अख्खं घर सारवलेलं असतं. तेव्हा तिच्या त्या कामाला कुणी कला म्हटलं नाही, त्याचे पैसे दिले नाहीत, बहुतेक वेळा कौतुकही केलं नाही. सुनेने विचारलं, तर कदाचित कुंचला आधी तीच हातात घेईल.