इंदूरच्या तुरुंगातील राखी

शत्रूलाही क्षमा करावी, ही शिकवण ऐकावयास गोड असते. परंतु आपल्याच घरच्या मुलीचा ज्याने जीव घेतला, त्याच्यासमोर उभे राहण्याची वेळ आली म्हणजे त्या शिकवणीचे काय होते? केरळातील एका शेतकरी कुटुंबापुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यात त्या कुटुंबाची कित्येक वर्षे गेली.

राणी मारिया यांचा जन्म १९५४ साली एर्नाकुलम जिल्ह्यातील पुल्लुवळी या गावी झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या संघात प्रवेश करून त्या कॅथलिक धर्मभगिनी झाल्या आणि १९९२ मध्ये मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, उदयनगर येथे कामासाठी आल्या. (पवारांच्या गादीमुळे आणि पुढे कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे मराठी वाचकास देवास हे नाव परके नाही, मात्र उदयनगरचा डोंगराळ, आदिवासी मुलूख त्या देवासहून पुष्कळच निराळा आहे.) तेथील गरीब शेतकरी सावकारांच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या बुडालेले होते. राणी मारिया यांनी त्यांना एकत्र केले आणि बँकेचे कर्ज व सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याची खटपट केली. ज्यांचा धंदाच या अडलेपणावर चालत होता, त्यांना ही बाई डोळ्यांत सलू लागली, यात नवल नाही.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरकडे निघाल्या असता समंदरसिंग नावाच्या तरुणाने वाटेत, उतारूंच्या देखत, त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. अंगावर पन्नासांहून अधिक जखमा होत्या. त्यांचे वय अवघे ४१ वर्षांचे होते. मारेकऱ्यास जन्मठेप झाली. आपल्याला या कृत्यास इतरांनी चिथविले, असे त्याने पुढे उघडपणे सांगितले.

येथे कॅथलिक श्रद्धेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कॅथलिक मनुष्य रोजच्या प्रार्थनेत देवाकडे जी क्षमा मागतो, ती आपणही इतरांना क्षमा करतो या बोलीवर मागतो. ही बोली अवघड आहे. झालेला घाव विसरणे किंवा त्याची वेदना न होणे माणसाच्या हाती नाही, हे चर्चची प्रश्नोत्तरीदेखील मान्य करते. अपेक्षा एवढीच, की त्या वेदनेला द्वेषाकडे वळू देऊ नये. शिवाय क्षमेने प्रायश्चित्त टळत नाही. पापनिवेदनाच्या संस्कारात पश्चात्ताप व कबुली यांच्याबरोबर झालेल्या हानीची भरपाईही येते. अपराध्याने न्यायालयाची शिक्षा भोगणे आणि घरच्यांनी त्याला क्षमा करणे, यांत म्हणूनच विरोध नाही.

स्वामी सदानंद या नावाने वावरणारे एक कॅथलिक धर्मगुरू समंदरसिंगला तुरुंगात भेटू लागले. त्या काळी, बाहेर पडताच आपल्याला यात ओढणाऱ्यांचा सूड उगवावा, हाच विचार आपल्या मनात घोळत होता, असे समंदरसिंगनेच सांगितले आहे. म्हणजे एका खुनाच्या पोटी दुसरा खून वाढत होता. २००२ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमारास, राणी मारिया यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली. तीही त्याच संघातील धर्मभगिनी. तिने त्याच्या मनगटास राखी बांधली आणि त्याला भाऊ मानले.

क्षमा कॅथलिक श्रद्धेतून आली. तिला रूप मिळाले ते ज्याचा अर्थ त्या कैद्याला बालपणापासून ठाऊक होता अशा धाग्याचे. धर्मशास्त्रावरील प्रवचन त्याच्या कानांवरून गेले असते. राखी कशी जाणार? ज्या हातांना आपल्या मुलीचे रक्त लागले ते हात आपल्याला चुंबावयाचे आहेत, असे वृद्ध आईने म्हटल्याचे तर सर्वश्रुत आहे. हे वाचून अंगावर काटा येतो, आणि तो यावाच.

मेलेल्या माणसाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार इतरांस कोठून आला, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप खोटा नाही. माझ्या मते, आईने व बहिणीने जे दुःख आपल्या वाट्यास आले होते, तेवढ्याचीच क्षमा केली. कर्जाखाली पिचलेल्या शेतकऱ्यांवर झालेला अन्याय क्षमा करणे त्यांच्या हाती नव्हते, आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. संघाच्या भगिनी त्या भागात काम करीत राहिल्या.

कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी सरकारकडे रदबदली केली. शिक्षेत सूट देणे हे अर्थातच शासनाच्या अखत्यारीतले. २००६ मध्ये, अकरा वर्षांच्या कैदेनंतर, तो सुटला. पुढील वर्षी तो पुल्लुवळीस गेला आणि राणी मारिया यांच्या आईवडिलांच्या घरी त्यांना भेटला. त्या प्रवासात त्याच्या मनावर काय ओझे असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे कार्डिनल आंजेलो अमातो यांच्या उपस्थितीत राणी मारिया यांना संतपदाच्या अलीकडचा ‘धन्य’ हा दर्जा देण्यात आला. त्या समारंभास जमलेल्या हजारोंमध्ये समंदरसिंगही होता. सुटकेनंतर तो आपल्या गावी शेती करू लागला होता, आणि उदयनगरला राणी मारिया यांच्या समाधीपाशी जाण्याचा परिपाठ त्याने ठेवला होता.