पिंपात मुरलेली बिअर, खजुराच्या बेटावर
लेखमाला : घोटाघोटाने – भाग सातवा

फ्रिजमधून काढल्याबरोबर ही बिअर ओतू नका. बाटली वीसेक मिनिटं टेबलावर राहू द्या, मग उघडा. बहरीनमध्ये राहून असा सल्ला द्यायला जरा धाडसच लागतं. जुलैत मनामाच्या रस्त्यावर पारा चाळिशीच्या वर, त्यात समुद्राची चिकट दमट हवा. जुफैर-अदलियाच्या हॉटेलांत बिअर म्हणजे दातांना झोंबेल इतकी गार, हे ठरलेलंच. त्या हलक्या लागरशी माझं भांडण नाही. उन्हातून आल्यावर तीच हवी. पण आजची बिअर तहान भागवण्यासाठी नाही. गेल्या आठवड्यात आपण बेल्जियन ट्रिपेल पाहिली. तशी जोरकस बिअर बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात काही महिने मुरवली की काय होतं, ते आज पाहू. अल्कोहोल अकरा टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे भारतात लेबलवर ठळक अक्षरांत ‘स्ट्राँग’ छापलेली बिअरसुद्धा आठ टक्क्यांच्या आतच असते.

आधी पिंपाकडे बघू, कारण अर्धी गोष्ट तिथेच आहे. अमेरिकी नियमांनुसार बर्बन मुरवायची ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच. एकदा वापरलेल्या पिंपात पुन्हा बर्बन भरता येत नाही. त्यामुळे केंटकीत सुमारे दोनशे लिटरची ही पिंपं सतत रिकामी होत राहतात आणि जगभर विकली जातात. स्कॉटलंडला जातात, तशी गोव्यातही येतात. कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट अशाच पिंपांत मुरते. गोव्याच्या उष्म्यात वर्षाला सुमारे आठ टक्के दारू लाकडातून हवेत उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असतं. व्हिस्कीला ही उष्णता मानवते, लवकर मुरते. बिअरला नाही मानवत. म्हणून बिअरची पिंपं थंड कोठारात ठेवतात, आणि हिशेब वर्षांचा नाही, महिन्यांचा असतो.

लोणच्याची बरणी कितीही रिकामी केली तरी तिचा वास जात नाही, तसंच या पिंपाचं. लाकडाच्या अंगात काही लिटर बर्बन मुरलेलीच असते, ती हळूहळू बिअरमध्ये उतरते आणि टक्केवारी वाढवते. शिवाय जाळलेल्या ओकचं स्वतःचं देणं असतं. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास येतो, ओक-लॅक्टोनमुळे ओल्या खोबऱ्याचा, आणि जळलेल्या थरातून करपलेल्या साखरेचा. लाकडातून थोडी हवाही आत शिरते. प्रमाणात शिरली तर बिअरला सुक्या मेव्याची गोलाई येते. जास्त शिरली तर भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. फटीत रानटी यीस्ट दडून बसलेलं असेल तर सगळं पिंप आंबट.

ही फॅशन अमेरिकेतली. नव्वदच्या दशकात शिकागोच्या गूस आयलंडने काळीकुट्ट स्टाउट बर्बनच्या पिंपात भरली आणि बाकीच्यांनी तो कित्ता गिरवला. बेल्जियन पद्धतीच्या बिअरवर हा प्रयोग गाजवला तो मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या अलागॅशने. २००४ मध्ये त्यांनी आपली ट्रिपेल जिम बीमच्या पिंपात ठेवली आणि तिला ‘क्यूरिए’ नाव दिलं. पुढे खुद्द बेल्जियमनेच ही अमेरिकी युक्ती उचलली. आपल्या नावातच सैतान मिरवणारी ड्यूव्हेल २०१७ पासून बर्बनच्या पिंपातली आवृत्तीही काढू लागली. साध्या ड्यूव्हेलचे साडेआठ टक्के पिंपातून बाहेर पडताना साडेअकरा होतात.

आता माझं मत. यातल्या बऱ्याच बिअर बर्बनखाली चेंगरून जातात. स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टचा कडूपणा असतो, तो व्हॅनिलाला टक्कर देतो. बेल्जियन बिअरची सगळी इस्टेट म्हणजे तिचं यीस्ट. त्यातून पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि तो नाजूक असतो. पिंप जरा जास्त बोललं की हा आवाज बंद. चांगले ब्रुअर म्हणूनच पिंपातल्या बिअरमध्ये ताजी बिअर मिसळतात. क्यूरिएतही तेच करतात. पहिल्या घोटाला फक्त व्हिस्कीच लागली, तर ब्रुअरने हात आखडायला हवा होता असं खुशाल समजा.

चाखायची कशी? ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास नसेल तर तोंडाशी निमुळता वाइनचा ग्लास घ्या, अर्धाच भरा. तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो बाटलीतच राहू द्या. परवा आम्ही मित्रांनी एका गडद बिअरची बाटली अशीच उघडली. एसीच्या खोलीत, बिअर आठ-दहा अंशांवर असताना, नाकाला फक्त अल्कोहोल आणि व्हॅनिला. ग्लास तळव्यात धरून ठेवला, थोड्या वेळाने मनुका वर आल्या, मग केळं, आणि बारा-तेरा अंशांच्या पुढे चक्क खजूर. घोट घेतला की आधी गोड, मग छातीत ऊब, आणि शेवटी ओकचा तुरटपणा जिभेच्या कडांना धरतो. तो तुरटपणा नसता तर दुसरा घोट नकोसा झाला असता.

खजूर मात्र त्यात नावालाही नसतो. गडद बेल्जियन बिअरमध्ये आटवून तांबूस-काळा केलेला साखरेचा पाक घालतात, ही चव त्याची. इथल्या दुकानात मिळणारा ‘दिब्स’, म्हणजे खजुराचा पाक, बोटावर घेऊन शेजारी चाखून पाहा, नातं लगेच कळेल. हा पाक इथे फार जुना: कलअत अल्-बहरीनच्या टेकाडावरच्या उत्खननात खजुराचा रस गाळायच्या खोल्या सापडल्या आहेत, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या. जमिनीत एकमेकींना समांतर पन्हळी; वर खजुराची पोती रचायची, वजनाने पाक ओघळून खालच्या रांजणात. त्याच टेकाडात सिंधू संस्कृतीची वजनंही मिळाली, म्हणजे आपली माणसं इथे व्यापाराला येण्याची परंपरा तेलाच्या कितीतरी आधीची.

आणि बिअरशी या बेटाचं नातं त्याहून जुनं, निदान कथेत तरी. बहरीन म्हणजेच प्राचीन दिलमून, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सुमेरियन कथेत दिलमूनला गोडं पाणी मिळवून देणारा देव एन्की आजारी पडतो. त्याचे आठ अवयव दुखतात आणि निन्हुरसाग देवी एकेका दुखण्यावर एकेक देवता जन्माला घालते. तोंडाच्या दुखण्यावर जन्मते निन्कासी. ती बिअरची देवी!

सोबत काय घ्यावं? खलास जातीचा खजूर, जुनं खारट चीज, किंवा मुहर्रकचा केशर-वेलचीचा हलवा, पण नखाएवढाच. तांबडा रस्सा, ठेचा यांच्या वाटेला जाऊ नका. अल्कोहोलने तिखटाचा जाळ दुप्पट होतो आणि पिंपाची मेहनत वाया.

इथे दारू परवानाधारक दुकानांत आणि हॉटेलांत मिळते, रमजानमध्ये तीही बंद. बाटली उन्हात तापलेल्या गाडीत तासभरही ठेवू नका, आणि चुकूनही किंग फहद पुलापलीकडे, सौदीत नेऊ नका. छोटी बाटली दोघांत पुरते. चाखून झाल्यावर गाडीला हात लावायचा नाही, टॅक्सी बोलवा; इथले पोलीस या बाबतीत कुणाचंही ऐकून घेत नाहीत.

पुढच्या आठवड्यात ब्रुसेल्सजवळची लाम्बिक : हवेतल्या यीस्टवर आंबणारी, आणि मुद्दाम आंबट होऊ दिलेली.