अकराशे कोटी ठिपके आणि चार खिळे

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग 94.5 किलोमीटर लांब आहे. टपावर लेसरची दोन डोकी बसवलेली गाडी ताशी 60 किलोमीटरने कळंबोलीहून निघाली, तर दीड तास आणि वर चार-पाच मिनिटांत ती देहू रोडला पोहोचते. रीगल या ऑस्ट्रियन कंपनीची व्हीएमएक्स-1एचए ही मोबाइल मॅपिंग यंत्रणा सेकंदाला 20 लाख मापे घेऊ शकते, आणि प्रत्येक माप म्हणजे एक ठिपका. प्रवासाचे सेकंद 5,670. गुणाकार केला की 1,134 कोटी मापे होतात. पृथ्वीवर माणसे आहेत 800 कोटींच्या थोडी वर. हे ठिपके सेकंदाला एक या गतीने, न झोपता, न जेवता मोजायचे म्हटले तर 359 वर्षे लागतील. शिवाजी महाराज आग्र्याला गेले त्या 1666 साली मोजायला बसलेल्या माणसाचे काम या दशकात कुठे संपत आले असते.

हा हिशेब कमाल मर्यादेचा आहे, कारण आकाशाकडे गेलेला किरण परत येत नाही. तरी आकड्याचा आवाका तोच राहतो. एका ठिपक्याला 30 बाइट धरले तर नुसत्या ठिपक्यांची फाइल 340 गिगाबाइटची होते. गाडीवरच्या कॅमेऱ्यांचे फोटो वेगळेच.

एक ठिपका तयार होतो कसा, हे त्याहून थक्क करणारे आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. किरणाला जाऊन परत यायचे असते, म्हणून अंतर मिळते त्याच्या निम्मे, 15 सेंटिमीटर. एक मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर वेळ मोजावी लागते साडेसहा पिकोसेकंदांच्या आसपास, आणि एका सेकंदात पिकोसेकंद असतात एक लाख कोटी. सेकंदाला 20 लाख स्पंदने सोडणाऱ्या एका लेसरचा विचार करा. 75 मीटरपलीकडच्या भिंतीवरून पहिला किरण परतायच्या आत दुसरा निघालेला असतो. परत आलेला प्रकाश नेमका कोणत्या स्पंदनाचा, हेही यंत्रालाच ठरवावे लागते.

इथपर्यंतचे सगळे माहितीपत्रकात छापलेले असते. विद्यार्थी आणि कारखान्यांचे अभियंते यंत्रांची तुलना करायला बसतात तेव्हा पहिला रकाना ‘सेकंदाला किती पॉइंट’ हाच असतो. माझ्या मते तो शेवटचा असायला हवा.

त्या गाडीचेच उदाहरण घ्या. 20 लाख मापे सेकंदाला 500 ओळींत विभागलेली असतात, म्हणजे एका ओळीत 4,000 ठिपके. टपाखालच्या रस्त्यावर, दोन मीटरवरून, एका ओळीतले शेजारचे दोन ठिपके सुमारे तीन मिलिमीटर अंतरावर पडतात. पण ताशी 60 ने गाडी सेकंदाला 16.7 मीटर पुढे सरकते, त्यामुळे दोन ओळींत अंतर पडते 33 मिलिमीटर. एका दिशेने दाट आणि दुसऱ्या दिशेने अकरापट विरळ असे हे जाळे आहे. काँक्रीटमधली केसाएवढी भेग दोन ओळींच्या मधून सहज निसटते. अकराशे कोटी ठिपके असूनही.

आणि खरी गोम याच्याही पुढे आहे. लेसर सांगतो, ‘माझ्यापासून इतके दूर’. हा ‘मी’ त्या क्षणी कुठे होता? ते जीपीएस आणि आयएमयू (त्वरण आणि वळण मोजणारे यंत्र) मिळून ठरवतात. घड्याळांत एक मिलिसेकंदाचा फरक पडला तर गाडी तेवढ्यात पावणेदोन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. दिशा अंशाच्या शंभराव्या भागाने चुकली, तर 50 मीटरवरचा खांब जवळपास नऊ मिलिमीटर सरकतो. भाताण किंवा माडपच्या बोगद्यात गाडी शिरली की उपग्रह दिसेनासे होतात आणि सगळा भार आयएमयूवर येतो. त्याच्या त्वरणमापनात गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजाराव्या भागाएवढी खोट धरा. तिच्यामुळे होणारी जागेची चूक वेळेच्या वर्गाने वाढते. दहा सेकंदांत पाच सेंटिमीटर, एका मिनिटात 1.8 मीटर! चाकाला लावलेले अंतरमापक आणि पुढून-मागून दोन्हीकडून केलेली आकडेमोड ही चूक पुष्कळ आवरते. पण बोगद्याच्या भिंतीवर आधीच मोजून ठेवलेल्या खुणा नसतील, तर ती किती आवरली हे कोणालाच सांगता येत नाही.

तिवईवरच्या स्कॅनरची गोष्ट वेगळी. लायका कंपनीचा आरटीसी360 सेकंदाला तेवढीच, 20 लाख मापे घेतो, पण तो जागचा हलत नाही. म्हणून दहा मीटरवर त्याची अचूकता दोन मिलिमीटरच्या आत राहते. रासायनिक कारखान्यात जुन्या पाइपचा तुकडा बदलायचा असतो, फ्लँजच्या बोल्टची भोके जुळायला हवी असतात. तिथे गाडीचा किंवा हातातल्या यंत्राचा सेंटिमीटर चालत नाही. तिवईच लागते. किंमत वेळेत मोजावी लागते. 400 ठिकाणी तिवई मांडायची आणि प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे धरली, तर 33 तास झाले.

हातात धरून चालायचा लायकाचाच बीएलके2गो फक्त 775 ग्रॅमचा आहे आणि सेकंदाला 4 लाख 20 हजार ठिपके घेतो. तो भिंती-कोपरे ओळखत स्वतःची जागा ठरवतो. या जातीच्या यंत्राची खोड मी एका कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये पाहिली. मुले नोटीस बोर्डापासून निघाली, मजल्याला फेरी घालून आली आणि बोर्ड समोर दिसताच त्यांनी बटण बंद केले. सुरुवातीच्या वाटेवरून थोडे पुढे चालून यायला हवे होते, म्हणजे यंत्राला जुनी जागा ओळखू आली असती. पडद्यावर नोटीस बोर्ड दोनदा उमटला, एकमेकांपासून नऊ सेंटिमीटरवर, आणि दोन्ही अगदी रेखीव. त्यातला खरा कोणता हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हते. त्या दिवशी मुलांना ‘क्लोजिंग एरर’ (फेरीची सुरुवात आणि शेवट न जुळण्याची चूक) हा शब्द जितका कळला, तितका पुस्तकातून कधीच कळला नसता.

पक्का आधार आधी लागतो. ठिपक्यांची रांगोळी घालणारी बाई पहिली ओळ फार निगुतीने घालते. ती तिरकी गेली तर पुढची कितीही सुबक असोत, कमळ वाकडेच येते. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळ हेच केले. सुमारे 12 किलोमीटरची एक सरळ रेषा त्याने 100 फुटी साखळीने मोजली आणि त्यासाठी 57 दिवस घेतले. साखळी जवळपास 400 वेळा मांडली गेली. तेवढे अंतर प्रकाश 40 मायक्रोसेकंदांत कापतो आणि आजचा स्कॅनर त्या अवधीत 80 ठिपके टिपतो. पण लॅम्बटनच्या त्या एका रेषेवर पुढे सुमारे 2,400 किलोमीटरची त्रिकोणांची माळ हिमालयापर्यंत उभी राहिली. ती पूर्ण होण्याआधीच, 1823 मध्ये, तो वारला आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला.

कॉलेजात स्कॅनर नाही म्हणून कोणी थांबू नये. नेदरलँड्सने विमानातून आपला सगळा देश मोजला. त्यातल्या एएचएन2 या संचात 64,000 कोटी ठिपके आहेत आणि ते कोणालाही उतरवून घेता येतात. ते उघडायला क्लाउडकम्पेअर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. 2020 च्या आयफोन 12 प्रोपासून काही फोनमध्येही पाच मीटर पल्ल्याचा लेसर आहे. वर्गाची खोली त्याने स्कॅन करा, मग टेपने मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

आणि यंत्र भाड्याने आणणार असाल, तर ते येण्याच्या आदल्या दिवशी जागेवर चार खिळे ठोका. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) ते मोजा, वहीत लिहा, आणि स्कॅन करणाऱ्याला त्यातले दोनच आकडे द्या. उरलेले दोन काम झाल्यावर तपासायला जवळ ठेवा.